पिंग जातोय, पण...

नवं नेटवर्क उभं राहिलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘पिंग जातोय.’ रॅकसमोर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला मुलगा ते म्हणतो, मागे उभा असलेला व्हेंडरचा माणूस सुस्कारा सोडतो, आणि मग कंप्लिशन सर्टिफिकेटवर सही कधी मिळेल याची गोष्ट निघते. त्या सहीपर्यंतचा सगळा प्रवास बहुतेक ठिकाणी या दोन शब्दांवर होतो.

ते दोन शब्द नेमकं किती सांगतात? पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला ‘आहेस का?’ विचारणारा छोटा निरोप. विंडोजमधला साधा पिंग ३२ बाइटांचा मजकूर पाठवतो. त्यावरची सगळी आवरणं धरली तर तारेवर ७८ बाइटांची एक फ्रेम (डेटाचा एक गठ्ठा) जाते. सेकंदाला एक, अशा चार, की खेळ संपला. ती तार १ गिगाबिटची असेल, तर ६४ बाइटांच्या फ्रेम सेकंदाला १४ लाख ८८ हजार ९५ एवढ्या वाहून नेण्याचा तिचा दावा असतो. म्हणजे कालव्यात चार पेले पाणी ओतायचं आणि ते पलीकडे पोचलं म्हणून कालवा पास करायचा, तशातला हा प्रकार.

पिंग खोटं बोलतो असं नाही. तो थोडं बोलतो. न बोललेल्या भागातच दुखणी असतात. ड्युप्लेक्सचं, म्हणजे दोन टोकांनी एकाच वेळी बोलायचं (फुल) की आळीपाळीने (हाफ) याचं घ्या. एका टोकाला कोणीतरी १०० एमबीपीएस फुल ड्युप्लेक्स हाताने बसवलंय, दुसरं टोक ऑटोवर आहे. समोरून वाटाघाटीला उत्तरच येत नाही म्हटल्यावर ऑटोवालं टोक नियमाप्रमाणे हाफ ड्युप्लेक्सवर येतं. आता एक जण वाटेल तेव्हा बोलतो आणि दुसरा आधी कानोसा घेऊन. चार पेले सहज जातात. मोठी फाइल पाठवायला घेतली की वेग पार जमिनीवर येतो. हाफवाल्या टोकाला लेट कोलिजन (उशिरा होणाऱ्या टकरी) वाढतात, फुलवाल्या टोकाला सीआरसीच्या चुका (मोडून आलेल्या फ्रेम). दोन्ही काउंटर स्विचमध्ये दिसत असतात, बघायचं कोणी?

एमटीयूची, म्हणजे एका वेळी मावणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटच्या मापाची, तऱ्हा याहून फसवी. इथरनेटचं नेहमीचं माप १५०० बाइटांचं. मध्ये पीपीपीओई (ब्रॉडबँडवर लॉगिन करण्याची पद्धत) असेल तर ८ बाइट त्यात जातात, १४९२ उरतात. जीआरई टनेल (एका पॅकेटात दुसरं गुंडाळून नेणारी वाट) असेल तर २४ जातात, १४७६ उरतात. मोठं पॅकेट आलं की मधल्या राउटरने ‘एवढं मावत नाही’ असा आयसीएमपी निरोप (पिंगही याच भाषेत बोलतो) पाठवायचा असतो. पण ‘आयसीएमपी बंद म्हणजे सुरक्षित’ या समजुतीने फायरवॉलवर तो निरोपच अडवलेला असतो. मग लॉगिनचं पान उघडतं, नाव-पासवर्ड जातो, आणि रिपोर्ट मागितला की चक्र फिरत राहतं. याची तपासणी दोन मिनिटांची आहे : तुकडे करू नकोस अशी खूण लावून १४७२ बाइटांचा पिंग पाठवायचा. १४७२ मजकूर, ८ आयसीएमपी, २० आयपी, बेरीज १५००. तो अडला तर आकडा उतरवत जायचं आणि कुठल्या मापाला वाट मिळते ते लिहून ठेवायचं. त्याच पिंगला थोडं जास्त बोलायला लावलं, एवढंच.

लिहून ठेवायचं म्हणालो, त्यातला महत्त्वाचा भाग चाचणीच्या आधी लिहायचा असतो. अपेक्षित आकडा. चाचणीचा क्रमांक, जोडणीचं चित्र, प्रत्येक उपकरणाच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, पायऱ्या, काय यायला हवं, काय आलं, आणि पास की नापास. यातला ‘काय यायला हवं’ हा रकाना चाचणीआधी भरलेला नसेल तर ती चाचणी नव्हे, ते उद्घाटन. नारळ तेवढा फोडायचा राहिलेला असतो. आकडा आधी नसला की जो येईल तो बरोबर वाटतो. फेलओव्हरला, म्हणजे एक वाट पडून दुसरीवर जायला, ३८ सेकंद लागले? ‘झालं की सुरू.’ आधी ‘१ सेकंदाच्या आत’ असं लिहिलं असतं, तर तेच ३८ सेकंद नापास ठरले असते आणि डिझाइन परत टेबलावर आलं असतं. डिझाइनला मंजुरी देण्यापूर्वी चाचणी करायची ती यासाठी. पाचशे केबल भिंतीत गेल्यावर आलेला नापासाचा शेरा कोणी वाचत नाही.

उदाहरणासाठी एक काल्पनिक रुग्णालय घेऊ. २०० खाटा, दोन इमारती, मधोमध दोन कोअर स्विच, मजल्यामजल्यावर मिळून चौदा अ‍ॅक्सेस स्विच, इंटरनेटच्या दोन लाइनी, आयपी फोन, कॅमेरे, आणि सीटी स्कॅनच्या जाडजूड प्रतिमा. तालुक्याच्या गावीही आता असं नेटवर्क लागतं.

तारेपासून सुरुवात करू, कारण तिथली चूक नंतर सर्वांत महाग पडते. कॅट-६ केबलमध्ये भिंतीतला पक्का भाग जास्तीत जास्त ९० मीटर, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड धरून १००. बाजारात दिव्यांचा जो स्वस्त टेस्टर मिळतो, तो आठ तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचल्या एवढंच सांगतो. स्प्लिट पेअर त्याला कळत नाही. रंगांची जोडी चुकवून, पण दोन्ही टोकांना सारखीच चुकवून क्रिंप केलेली केबल त्याच्यावर आठही दिवे लावते. प्रत्यक्षात पीळ भलत्याच तारांमध्ये पडलेला असतो, एका जोडीचा आवाज दुसरीत शिरतो आणि गिगाबिटवर चुका सुरू होतात. ते पकडायला सर्टिफायर लागतो : वायरमॅप, लांबी, इन्सर्शन लॉस (वाटेतला तोटा), नेक्स्ट (शेजारच्या जोडीतून शिरणारा आवाज), रिटर्न लॉस (परत फिरणारा सिग्नल), डिले स्क्यू (जोड्यांच्या वेळेतला फरक), सगळं मोजून प्रत्येक केबलचा स्वतंत्र अहवाल देणारा. ‘सॅम्पल म्हणून दहा टक्के तपासले’ हे वाक्य मान्य करू नये. नापास केबलचं कारण बहुतेक वेळा टोकाशीच सापडतं : जॅक बसवताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकललेला असतो. शंभर केबल उघडून नीट बसवायला एक माणूस आणि दोन दिवस लागतात. पीओपी होऊन रंग लागल्यावर त्याच कामाला भांडण लागतं.

तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या केबलविषयीही इथेच बोललं पाहिजे. खोक्यावर कॅट-६ छापलेलं असतं, भाव बराच कमी. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीजही द्यायची, म्हणजे लांबच्या कॅमेऱ्याला व्होल्टेज कमी पडतं आणि केबलचा जुडगा तापतो. तुकडा कापून तार ब्लेडने खरवडली की आत पांढरं दिसतं. सर्टिफायरवर रोध मोजण्याची सोय असेल तर ती चालू ठेवायची. बऱ्याचदा वेळ वाचवायला नेमकी तीच बंद असते.

फायबरमध्ये आधी बेरीज, मग मोजणी. दोन इमारतींऐवजी गावाबाहेरचं ८ किलोमीटरवरचं केंद्र जोडायचं असेल, तर १३१० नॅनोमीटरवर किलोमीटरला ०.३५ डेसिबल तोटा धरून २.८, चार स्प्लायसचे (वितळवून केलेल्या जोडांचे) ०.१ प्रमाणे ०.४, दोन कनेक्टरांचे ०.५ प्रमाणे १. एकूण ४.२. दहा गिगाबिटच्या एलआर ऑप्टिकला (प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाला) ६.२ डेसिबलची मुभा असते. म्हणजे २ डेसिबल शिल्लक. हा ४.२ आकडा आधी लिहायचा. पॉवर मीटरने ५.९ आलं तर लिंक चालू होईलच, दिवा हिरवाच लागेल. पण १.७ डेसिबल कुठेतरी सांडतंय. १३१०वर ठीक आणि १५५०वर जास्त तोटा दिसला तर केबल कुठेतरी फार वळली आहे. दोन्हीवर सारखाच दिसला तर स्प्लायस किंवा मळलेला कनेक्टर. मळलेला कनेक्टर हे उत्तर इतक्या वेळा बरोबर निघतं, की प्रत्येक टोक जोडण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि पुसायचं ही सवयच हवी. आणि उलट बाजूची चूक लॅबमध्ये होते : ८० किलोमीटरचं ऑप्टिक दोन मीटरच्या पॅच कॉर्डने समोरासमोर जोडलं, मध्ये अटेन्युएटर (प्रकाश मंद करणारा तुकडा) नाही. रिसीव्हर दिपून जातो, कधी कायमचा.

आता लॅब. इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. डिझाइनचा तर्क बरोबर आहे का, हा एक. हे लोखंड तेवढं ओढेल का, हा दुसरा. पहिल्यासाठी खरी उपकरणं लागत नाहीत. जीएनएस-३ किंवा ईव्ह-एनजी या संगणकातल्या आभासी लॅबमध्ये सगळं जाळं उभं करता येतं, बॅटफिशसारखं साधन कॉन्फिगरेशनच्या फायली वाचूनच ‘या व्हीलॅनमधून (जाळ्याच्या वेगळ्या केलेल्या भागातून) बिलिंगच्या सर्व्हरपर्यंत वाट आहे का’ याचं उत्तर देतं. ओएसपीएफचे (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगण्याच्या पद्धतीचे) शेजारी जुळतात का, कुठला स्विच रूट ब्रिज होतो, पाहुण्यांच्या वाय-फायमधून एक्स-रेचं यंत्र दिसतं का, हे सगळं तिथे कळतं. रूट ब्रिजचं विशेष बघावं. जाळ्यात पॅकेटं गोल फिरू नयेत म्हणून स्विच आपसांत स्पॅनिंग ट्री हे झाड मांडतात, त्याचं मूळ म्हणजे रूट ब्रिज. प्रायॉरिटी सगळीकडे मूळचीच ३२७६८ ठेवली तर सर्वांत लहान मॅक पत्त्याचा (कारखान्यात मिळालेल्या क्रमांकाचा) स्विच राजा होतो, आणि लहान मॅक पत्ता बऱ्याचदा सर्वांत जुन्या स्विचचा असतो. म्हणजे जिन्याखालच्या अडगळीतला दहा वर्षांचा स्विच दोन इमारतींचा कारभार बघणार. नोव्हेंबर २००२मध्ये बोस्टनचं बेथ इस्रायल डिकनेस हे नामांकित रुग्णालय स्पॅनिंग ट्रीच्याच गोंधळात सापडलं होतं. प्रमाणाबाहेर लांबलेलं जाळं, त्यात पडलेला फेरा, आणि चार दिवस कारभार कागदावर.

दुसऱ्या प्रश्नासाठी खरं लोखंड आणि खरा भार लागतो. १९९९चा आरएफसी २५४४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचे क्रमांकित दस्तऐवज) त्यासाठीच आहे : ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, १२८० आणि १५१८ बाइट अशी सात मापं, वेगाची प्रत्येक फेरी निदान ६० सेकंद, विलंबाची १२० सेकंद आणि तीही वीस वेळा करून सरासरी. मापं सात का? कारण उपकरणाचा दम बाइटांत नाही, पॅकेटांत मोजला जातो. मोठ्या पॅकेटांवर १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला ८१ हजार निर्णय; लहानांवर तेच पंधरा लाखांच्या घरात. फायरवॉलच्या माहितीपत्रकातला मोठा आकडा १५१८ बाइटांच्या यूडीपीवर (पोच न मागता पाठवलेल्या पॅकेटांवर) काढलेला असतो. आयपीएस (हल्ले ओळखून अडवणं) आणि एन्क्रिप्शन उघडून बघणं चालू केलं की तो कुठल्या कुठे उतरतो. रुग्णालय तर दोन्ही चालू ठेवणार. म्हणून चाचणीही दोन्ही चालू ठेवून करायची. त्यासाठी २०२३चा आरएफसी ९४११ आहे.

एक गल्लत सर्रास होते. लीज्ड लाइन (सेवादात्याकडून भाड्याने घेतलेली स्वतंत्र लाइन) ताब्यात घेतानाही २५४४चाच अहवाल मागितला जातो. ती पद्धत बंद प्रयोगशाळेतल्या एका उपकरणासाठी आहे. चालू जाळ्यावर ती वापरू नये, असं २०१२मध्ये आरएफसी ६८१५ काढून वेगळं सांगावं लागलं. सेवा सुरू करतानाच्या तपासणीसाठी वाय.१५६४ हे वेगळं मानक आहे. त्यात आवाज, चित्र, डेटा अशा सगळ्या सेवा एकाच वेळी चालवून बघतात, आणि १५ मिनिटं, २ तास किंवा २४ तास चालवतात. एकाच वेळी, हे त्यातलं मर्म. क्यूओएसची, म्हणजे गर्दीत आवाजाला आधी वाट देण्याच्या व्यवस्थेची, चाचणी रिकाम्या लाइनवर करून ‘आवाज स्वच्छ येतोय’ लिहिण्यात काय अर्थ? लाइन आधी काठोकाठ भरायची, भरून सांडू द्यायची, आणि मग फोन लावायचा. जी.७११ या आवाज-पद्धतीचा एक फोन सेकंदाला २०० बाइटांची ५० पॅकेटं पाठवतो. ती ओळीने पोचली आणि फाइलींची पॅकेटं पडली, तर क्यूओएस चालतंय.

मोजण्याचं साधनही फसवतं, हे नवख्यांना उशिरा उमगतं. आयपर्फ-३ या वेग मोजणाऱ्या साधनात यूडीपी निवडून वेग सांगितला नाही, तर ते आपलं १ मेगाबिटच पाठवतं. मग ‘लाइन एकच एमबीपीएस देते’ म्हणून सेवादात्याशी हुज्जत. १०० मेगाबिटची लाइन, ३० मिलिसेकंदांची जा-ये, आणि टीसीपीची (पोच घेत पाठवण्याच्या पद्धतीची) खिडकी ६४ किलोबाइटांवर अडलेली : एका जोडणीला साडेसतरा मेगाबिटपेक्षा जास्त मिळणारच नाही, कारण ६५,५३५ बाइट पाठवले की पोच येईपर्यंत हात बांधलेले. खिडकी मोठी करण्याचा पर्याय हल्ली सगळ्या संगणकांत असतो, पण मधल्या एखाद्या फायरवॉलने तो खोडला की दोष लाइनच्या माथी. दोन १० गिगाबिट लिंकांची मोळी बांधली आणि एकाच पत्त्यावरून दुसऱ्या एकाच पत्त्याकडे भार सोडला, तर एकच लिंक भरते; वाटणी पत्त्यांच्या आणि पोर्टांच्या हॅशवर (त्यांच्यावरून काढलेल्या आकड्यावर) होते, म्हणून भारात शेकडो पत्ते हवेत. लांबच्या लाइनचं सोंग आणायला लिनक्सचं नेटेम वापरतात. त्याची रांग मुळात १००० पॅकेटांची. १ गिगाबिटला १०० मिलिसेकंद विलंब द्यायचा तर वाटेत आठ हजारांवर पॅकेटं धरून ठेवावी लागतात. जी मावत नाहीत ती नेटेमच टाकून देतं आणि अहवालात लिहिलं जातं : ‘डिझाइनमध्ये पॅकेट लॉस.’ म्हणून पहिली चाचणी नेहमी मोकळी करावी. दोन मोजणी-यंत्रं मध्ये काही न ठेवता एका केबलने जोडायची आणि ती स्वतः किती ओढतात ते बघायचं.

वेळेपाशी मात्र मला जरा थांबावंसं वाटतं, कारण चाचणीच्या कागदात वेगाला पानंच्या पानं असतात आणि घड्याळाला ओळही नसते. नेटवर्कमध्ये प्रत्येक गोष्टीला आयुष्य आहे. कॅमेऱ्यांचं मल्टिकास्ट, म्हणजे एकच चित्र अनेकांना पाठवणं, घ्या. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (कोण बघतंय याची नोंद ठेवणं) चालू आहे, पण कोणाला क्वेरिअर (बघणाऱ्यांना अधूनमधून विचारणारा) नेमायचं राहिलं. चित्र सुरू होतं, झकास दिसतं, टाळ्या पडतात. सभासदत्वाची मुदत २६० सेकंदांची. ती संपेपर्यंत कोणी ‘अजून बघताय का?’ विचारलं नाही, की स्विच नाव काढून टाकतो. ४ मिनिटं २० सेकंदांनी पडदा काळा. प्रात्यक्षिक तीन मिनिटांचं होतं. डीएचसीपीचं (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेचं) तसंच : विंडोज सर्व्हरवर पत्त्याची मुदत मुळात ८ दिवसांची आणि नूतनीकरण अर्ध्या मुदतीला. पत्ता पहिल्यांदा मिळणं वेगळं आणि त्याचं नूतनीकरण होणं वेगळं. पहिली विनंती सगळीकडे ओरडून होते, नूतनीकरणाची थेट सर्व्हरच्या पत्त्यावर जाते आणि वाटेतली एखादी फायरवॉल ती अडवू शकते. एका दिवसाच्या चाचणीत चौथा दिवस येत नाही. त्याला उपाय आहे : लॅबमध्ये मुदत १० मिनिटांवर आणायची आणि पाचव्या मिनिटाला काय होतं ते बघायचं. काही घड्याळं मात्र पळवता येत नाहीत. फेब्रुवारी २०१७मध्ये सिस्कोने कळवलं की काही उपकरणांतला घड्याळाचा ठोका देणारा घटक साधारण १८ महिन्यांनंतर निकामी होऊ शकतो. ७२ तास सलग चालवून बघण्याच्या सोक टेस्टला ते कसं दिसणार? तिथे सुटे भाग आणि करार हीच तयारी.

मोडून बघण्याच्या चाचण्यांत सगळ्यांना केबल उपटायला आवडतं. उपटावी, पण उपटण्याने सर्वांत सोपा अपघात घडतो. पोर्ट तत्क्षणी डाउन होतो, राउटरला लगेच कळतं, दुसऱ्या वाटेने रहदारी वळते. लॅबमध्ये काही मिलिसेकंद. जागेवर दोन राउटरांच्या मध्ये सेवादात्याचा स्विच किंवा मीडिया कन्व्हर्टर असतो. पलीकडची तार तुटली तरी अलीकडचा दिवा हिरवाच. आता राउटरला कळणार ते शेजाऱ्याचा हॅलो निरोप न आल्यावर. ओएसपीएफमध्ये हॅलो १० सेकंदांनी आणि मृत घोषित करायला ४०. बीजीपीवर (मोठ्या जाळ्यांमधल्या वाटा ठरवणाऱ्या पद्धतीवर) अनेक उपकरणांत मूळची मुदत १८० सेकंद. तीन मिनिटं पॅकेटं खड्ड्यात पडत राहतात. बीएफडी (जोडणी जिवंत आहे का हे झपाट्याने तपासणारी सोय) ३०० मिलिसेकंद आणि तीन चुका असं बसवलं तर तेच ०.९ सेकंदावर येतं. म्हणून लॅबच्या चित्रात मध्ये एक साधा स्विच ठेवायचा आणि केबल त्याच्या पलीकडून काढायची. फायबरच्या दोनांपैकी एकच तंतू काढायची चाचणीही हवी. एका बाजूने ऐकू येतं, दुसरीकडून नाही, ही अवस्था पूर्ण तुटण्याहून वाईट.

खंड मोजायचा कसा? सेकंदाला एक जाणाऱ्या पिंगला ०.९ सेकंदाचा खंड दिसेलच असं नाही. सेकंदाला १००० पॅकेटं सोडायची आणि हरवलेली मोजायची. ४३७ हरवली तर खंड ४३७ मिलिसेकंदांचा. आणि मोजणी तिथे थांबवायची नाही, कारण उरलेला अर्धा अपघात केबल परत लावताना होतो. मूळचा राउटर परत उभा राहतो, व्हीआरआरपीमध्ये (दोन राउटरांत मुख्य कोण हे ठरवणाऱ्या पद्धतीत) आपली प्रायॉरिटी जास्त म्हणून लगेच गादी मागून घेतो, आणि त्याच्याकडे अजून पुढच्या वाटाच आलेल्या नसतात. जाताना १ सेकंद, परत येताना ५०. प्रीएम्प्टला (गादी परत घेण्याला) थोडा विलंब दिला की हे मिटतं, पण ते सुचण्यासाठी परतीचा प्रवास मोजलेला हवा. शिवाय भाराची बेरीज : दोन लाइनी साठ-साठ टक्के भरलेल्या असतील, तर एक पडल्यावर दुसरीला १२० टक्के ओढायचं आहे. ती ‘रिडंडन्सी’ कागदावरचीच.

लॅबमध्ये न होणारी एक चाचणी पायी करायची असते. २४ फेब्रुवारी २०२१ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला सुरू झाले. बाजाराकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या अनेक लाइनी होत्या. त्या अस्थिर झाल्या. पुढे बाजाराने दिलेल्या खुलाशात रस्त्यावरच्या खोदाई-बांधकामाचा उल्लेख होता. लाइनी अस्थिर झाल्यावर साठवणुकीची यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही, हेही त्यात होतं. लाइनींना दोन नावं असतात. जेसीबीला नावं वाचता येत नाहीत. म्हणून मंजुरीआधी दोन्ही सेवादात्यांकडून फायबरच्या मार्गाचा नकाशा मागायचा, एकावर एक ठेवायचा, आणि जिथे रेघा एकत्र येतात तिथे जाऊन बघायचं : एकाच चरातून, एकाच पुलाच्या कठड्यावरून, एकाच खांबावरून? इमारतीत शिरतानाचा पाइप तर हमखास एकच असतो.

परत फिरण्याच्या वाटेचीही चाचणी असते, घड्याळ लावून. काम रात्री १ ते ५. जुन्या व्यवस्थेवर परत जायला लॅबमध्ये ७० मिनिटं लागली, त्यावर ३० मिनिटं जास्तीची धरली, तर निर्णयाची वेळ ३ वाजून २० मिनिटं. त्यानंतर ‘आणखी एकदा बघू’ नाही. परत जाण्यासाठी जी वाट वापरायची ती तरी जिवंत असेल का? ८ जुलै २०२२ला कॅनडातल्या रॉजर्स कंपनीचं जाळं कोसळलं, १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहकांची सेवा गेली. कोअर नेटवर्कच्या सात टप्प्यांच्या बदलातला तो सहावा टप्पा होता. वाटांची गर्दी रोखणारी एक चाळणी कॉन्फिगरेशनमधून काढली गेली आणि कोअरचे राउटर त्या लोंढ्याखाली बसले. कामाची जोखीम सुरुवातीला ‘उच्च’ ठरवलेली होती. आधीचे टप्पे सुरळीत गेले म्हणून सहाव्यापर्यंत ती ‘कमी’ झाली होती. आणि दुरुस्तीसाठी आत शिरायची व्यवस्थापनाची वाट त्याच कोअरवरून जात होती. आपल्या रुग्णालयापुरतं याचं भाषांतर सोपं आहे : कन्सोल सर्व्हरला (उपकरणांत मागच्या दाराने शिरायच्या यंत्राला) वेगळं सिम कार्ड, आणि चाचणीत दोन्ही कोअर बंद करून त्या सिमवरून आत जाऊन दाखवायचं.

वाय-फायबद्दल थोडक्यात. सर्व्हे रिकाम्या इमारतीत करून उपयोग नाही. लोखंडी कपाटं, शिशाच्या पत्र्याची एक्स-रे खोली आणि ओपीडीतली माणसं आल्यावर, उणे ६७ डीबीएम सिग्नलचा निकष धरून, हातात फोनवर बोलत चालत मोजायचं. माणूस म्हणजे चालतं पाणी, सिग्नल पितो.

शेवटी विजेची. मेन स्विच पाडायचा, यूपीएस पूर्ण उतरू द्यायचा, मग सगळं एकदम चालू करायचं. भारनियमनानंतर होतं तसं. अ‍ॅक्सेस स्विच चौथ्या मिनिटाला उठतात, डीएचसीपी सर्व्हर सहाव्या, कोअर नवव्या. मधल्या पाच मिनिटांत सगळे फोन पत्ता मागतात, काही दमून १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता स्वतःच लावून घेतात. पहिला फोन किती वाजता लागला आणि शेवटचा कॅमेरा किती वाजता परत आला, दोन्ही वेळा कागदावर हव्यात.

कॅमेऱ्यांची ही चाचणी रात्री, वॉर्डाबाहेरचे दिवे मालवून करावी. चोवीस पोर्टांचा स्विच, पीओईचं (नेटवर्कच्या तारेतून द्यायच्या विजेचं) बजेट १९५ वॉट. दिवसा कॅमेरा ७ वॉट घेतो, चोवीस कॅमेरे १६८ वॉट, सगळं आलबेल. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तोच कॅमेरा ११ वॉट मागतो. चोवीस गुणिले अकरा, २६४. स्विच जर कॅमेऱ्याच्या वर्गाप्रमाणे प्रत्येकी १५.४ वॉट राखून ठेवणारा असेल, तर हा घोळ दिवसाच कळतो : बारा कॅमेऱ्यांनंतर तेराव्याला वीज मिळत नाही. पण प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे वाटणारा असेल तर तो रात्रीपर्यंत गप्प राहतो. बजेट ओलांडलं की शेवटच्या पोर्टांची वीज कापतो. कापलेला कॅमेरा थंड होतो, जागा झाली म्हणून स्विच त्याला परत वीज देतो, सुरू होताना त्याचे दिवे बंद म्हणून मागणी कमी, मिनिटभरात अंधार ओळखून दिवे लागतात, परत कापला. पार्किंगकडचे सहा-सात कॅमेरे रात्रभर असे मरत-जगत राहतात. साडेसहाला उजाडतं, इन्फ्रारेड विझतात, चोवीसही कॅमेरे स्थिर होतात. दहा वाजता कोणी बघायला आलंच, तर पिंग जातोय.